तुटक्या मातीच्या पाइपाचं वय कसं काढतात

लंडनमध्ये ओहोटीच्या वेळी टेम्सच्या पात्रात उतरलं, की गोट्यांमध्ये आणि चिखलात पांढऱ्या नळ्यांचे बोट-दोन बोटं लांबीचे तुकडे जागोजाग पडलेले दिसतात. नवखा माणूस त्यांना पक्ष्यांची हाडं समजतो. खरं तर ते तंबाखू ओढायच्या मातीच्या पाइपांचे तुकडे असतात, दोनशे, तीनशे, कधी चारशे वर्षांपूर्वीचे. किमतीच्या दृष्टीने बहुतेक अक्षरशः मातीमोल. तरीही इंग्लंडमध्ये, हॉलंडमध्ये किंवा अमेरिकेत पुरातत्त्वाचं उत्खनन चालू असताना असा मूठभर तुकड्यांचा डबा समोर आला की खोदणाऱ्यांना हायसं वाटतं. त्या थराचं वय आता बऱ्यापैकी नेमकं सांगता येणार असतं.

याचं कारण पाइपाच्या स्वस्तपणातच आहे. चांदीचा पेला आजोबांकडून नातवाकडे जातो. नाणं शंभर वर्षं हातोहात फिरतं. त्यामुळे नाण्यावरच्या सालावरून ते घडवलं कधी हे कळतं, जमिनीत पडलं कधी हे कळत नाही. मातीचा पाइप मात्र आज घेतला, काही दिवस ओढला, पडला, तुटला, फेकला. बनवणं आणि फेकणं यांत फार तर वर्ष-दोन वर्षांचं अंतर. त्यात फॅशन आणि तंबाखूचे भाव यांमुळे पाइपाचा आकार दर पिढीला बदलत गेला. लवकर तुटणारी, अमाप संख्येने बनणारी आणि सतत बदलणारी वस्तू कालमापनाला फार सोयीची असते.

तंबाखू अमेरिकेतून युरोपात आली सोळाव्या शतकात. इंग्लंडमध्ये लोक पळीसारख्या छोट्या साधनाने तिचा धूर ओढतात, अशी नोंद १५७३ सालची आहे. तेव्हा ती महाग होती, म्हणून पाइपाची वाटी (ज्यात तंबाखू भरतात तो भाग) इवलीशी असे; करंगळीचं टोकही त्यात नीट बसत नाही. १६०४ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि आयातकर पौंडामागे दोन पेन्सवरून सहा शिलिंग दहा पेन्सवर नेला. योगायोग असा, की साधारण त्याच सुमाराला अकबराचा दूत असद बेग विजापूरहून आग्र्याला तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन गेला. म्हणजे दख्खनमध्ये तंबाखू तोवर रुळली होती आणि मुघल दरबाराला तिचं नवल होतं. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली. जेम्स आणि जहांगीर या दोघांचं लोकांनी किती ऐकलं, ते आपल्याला ठाऊक आहेच. इंग्लंडमध्ये तर व्हर्जिनियाच्या वसाहतीतून १६१० च्या दशकापासून तंबाखूचा ओघ सुरू झाला, भाव कोसळले आणि पाइपाची वाटी वाढत गेली. वय ओळखायची पहिली खूण हीच: लहान वाटी जुनी, मोठी वाटी नंतरची. एकोणिसाव्या शतकात मात्र हा नियम चालत नाही. तेव्हा सगळ्या मापांच्या वाट्या एकाच वेळी बाजारात होत्या.

बाकीच्या खुणा समजायच्या तर पाइप बनायचा कसा, हे आधी पाहायला हवं. तुकड्यावर दिसणारी जवळपास प्रत्येक रेघ बनवतानाच्या कुठल्या तरी हालचालीतून उमटलेली असते.

माती पांढरी, बारीक पोताची. डॉर्सेट, डेव्हन आणि आइल ऑफ वाइट इथली बॉल क्ले त्यासाठी नावाजलेली. कारागीर तिची वळकटी करायचा, एका टोकाला गोळा ठेवून. वळकटी थोडी सुकली की नळीच्या टोकाकडून तेल लावलेली तार आत सारायची. ती बाजूने फुटून बाहेर न येता मधोमध नेणं हेच खरं कसब. मग तारेसकट ती वळकटी धातूच्या दोन फाळ्यांच्या साच्यात ठेवायची, साचा शिकंज्यात आवळायचा आणि वरून तरफेने एक दट्ट्या गोळ्यात दाबायचा. त्याने वाटीची पोकळी तयार होते. वर आलेली जास्तीची माती सुरीने छाटायची. तार आणखी थोडी पुढे ढकलली की नळीचं भोक वाटीला जाऊन मिळतं. साच्यातून काढलेल्या पाइपाच्या दोन्ही अंगांना, फाळे जुळतात तिथे, मातीची बारीक शिवण राहते. ती खरवडायची, वाटीची कड गुळगुळीत करायची, महागडा माल असेल तर दगडाने घोटून चकाकी आणायची. शेवटी शिक्का आणि भट्टी.

आता तुकडा हातात घेतल्यावर काय पाहायचं, ते यातूनच निघतं. वाटीच्या कडेखाली बारीक दातेरी रेघ आहे का? सतराव्या शतकात कड साफ केल्यावर अशी रेघ दातेरी हत्याराने काढत. चांगल्या पाइपावर ती पूर्ण गोल फिरते, स्वस्तात अर्धीच, तीही ओढणाऱ्याला समोर दिसेल त्या बाजूला. १७१० च्या सुमाराला ही रीत संपली. त्यामुळे दातेरी रेघ दिसली की अठराव्या शतकाचा बहुतेक भाग आणि एकोणिसावं शतक यादीतून बाद.

मग वाटीची बैठक. सतराव्या शतकातली वाटी पुढे कललेली, पोटाकडे फुगलेली, तोंडाशी आवळलेली असते आणि तिची कड नळीला तिरकी जाते. १७०० च्या आसपास वाटी ताठ झाली, भिंती सरळ आणि पातळ झाल्या, कड नळीला समांतर आली. हा बदल इतका ठळक आहे, की एकदा डोळा बसला की दोन हातांवरून ओळखू येतो. वाटीच्या तळाशी पुढे आलेला भागही पाहावा. सपाट असेल तर त्याला टाच म्हणू, टोकदार असेल तर काटा. सुरुवातीचे पाइप सपाट टाचेचे. काटा नंतर आला, आणि पुढे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदले. म्हणून एकट्या टाचेवर किंवा काट्यावर विसंबून साल सांगू नये.

प्रांताप्रांताचे हेके वेगळेच. यॉर्कशायरमधल्या वाट्या गोलमटोल, श्रॉपशायरमधल्या ब्रोझली गावच्या पाइपांना मागे लांब शेपटासारखी टाच. लंडनच्या पाइपांसाठी अभ्यासक एड्रियन ऑस्वाल्ड यांनी लावलेला आकारांचा क्रम सगळ्यांच्या हाताशी असतो, पण तो डोळे मिटून ब्रोझलीला लावला तर गणित चुकणारच. पाइप सापडला कुठे, हे माहीत नसेल तर आकार निम्मंच बोलतो.

शिक्क्यांबद्दल नव्या संग्राहकांना सगळ्यात जास्त आकर्षण असतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसगतही तिथेच होते. सतराव्या शतकात टाचेच्या तळव्यावर ठसा मारत. आद्याक्षरं, पूर्ण नाव किंवा चित्र. विल्टशायरमधल्या एम्सबरीच्या गाँटलेट घराण्याचा हातमोज्याचा शिक्का इतका गाजला, की इतर कारागिरांनी तो सर्रास उचलला. मोजा दिसला म्हणजे गाँटलेटचाच माल, असं धरून चालता येत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आद्याक्षरं साच्यातच कोरून टाचेच्या दोन बाजूंना उठावात आणू लागले. पाइप ओढताना धरतो तसा धरला, तर डावीकडे पहिलं नाव, उजवीकडे आडनाव. त्या काळात इंग्रजीतल्या ‘आय’ आणि ‘जे’ या अक्षरांसाठी एकच खूण वापरत. मग आय-एस म्हणजे जॉन स्मिथ, जेम्स स्टीव्हन्स, जोसेफ शॉ यांपैकी कोणीही असू शकतो, आणि एकाच शहरात एका वेळी अशी दोन-तीन माणसं या धंद्यात असायची. नोंदवहीत जुळणारं नाव मिळालं की हुरळून जायचं नाही. आधी आकारावरून काळ ठरवायचा, मग त्या काळात, त्या परिसरात त्या अक्षरांचा कोण होता ते शोधायचं. हाच क्रम उलटा केला की हवा तो इसम सापडतो.

शिक्का खरोखर कामी आल्याचं चांगलं उदाहरण एडवर्ड बर्डचं. हा इंग्रज माणूस ॲमस्टरडॅममध्ये स्थायिक झाला, तिथे पाइपांचा मोठा धंदा उभारला आणि १६६५ मध्ये वारला. त्याचा ई-बी शिक्का हडसन नदीकाठच्या डच वसाहतींत सापडतो आणि १६५६ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर फुटलेल्या ‘फेरगुल्डे ड्राक’ या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाच्या अवशेषांतही. बुडालेली जहाजं या अभ्यासात फार मोलाची. ती कधी बुडाली हे कागदोपत्री माहीत असतं, म्हणजे आतला माल त्याआधीचा हे नक्की. तीच गोष्ट जमैकातल्या पोर्ट रॉयलची. ७ जून १६९२ च्या भूकंपात त्या बंदराचा मोठा भाग समुद्रात गेला, दुकानांतल्या आणि घरांतल्या पाइपांसकट. आकारांचा क्रम विश्वासाने लावता येतो तो अशा ठिकाणांमुळे.

हॉलंडचं खाऊदा शहर या धंद्याची राजधानीच म्हणायची. इंग्रजांनीच तिथे हे काम नेलं आणि १६६० मध्ये कारागिरांचा संघही स्थापन झाला. अठराव्या शतकात, १७४० च्या सुमारापासून, तिथल्या साध्या प्रतीच्या मालावर शहराच्या चिन्हाच्या जोडीला ‘एस’ अक्षर येऊ लागलं. टाचेच्या बाजूला ते दिसलं की पाइप त्यानंतरचा, एवढं तरी पक्कं होतं.

पण वाटी शाबूत मिळणं हे नशीब. एका पाइपात वाटी एक आणि नळी फूटभर किंवा त्याहून लांब. ती तुटली की तुकडे सात-आठ, ना शिक्का ना आकार. साहजिकच बहुतेक उत्खननांत नळ्यांचाच ढीग असतो, आणि बराच काळ त्या फेकूनच देत. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला काम केलेले अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: नळीतलं भोक काळानुसार बारीक होत गेलं आहे. ज्यांचं वय माहीत आहे अशा ३३० नळ्या त्यांनी मोजल्या. मोजायचं साधन काय, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ड्रिलची पाती, इंचाच्या चौसष्टाव्या भागाच्या पटीतली. जे पातं मागच्या बाजूने भोकात नेमकं बसेल, ते त्या तुकड्याचं माप.

त्यांचं कोष्टक साधारण असं आहे. १६२० ते १६५० च्या काळात बहुतेक भोकं ८/६४ इंचाची, म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित मोठी. १६५० ते १६८० मध्ये ७/६४, १६८० ते १७१० मध्ये ६/६४, १७१० ते १७५० मध्ये ५/६४ आणि १७५० ते १८०० मध्ये ४/६४, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. असं का झालं असावं? नळ्या लांब होत गेल्या. लांब, सडपातळ नळीतून जाड तार नेली तर ती बाजूने फुटायची भीती. तार बारीक झाली, म्हणून भोकही बारीक झालं. सगळ्यांना पटेल असं हेच स्पष्टीकरण आहे.

काही वर्षांनी अमेरिकन पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांनी या कोष्टकाचं सूत्र केलं: १९३१.८५ मधून सरासरी मापाची (५/६४ असेल तर नुसते ५ धरायचे) ३८.२६ पट वजा करा, त्या ढिगाचं मधलं साल मिळेल. समजा, एका खड्ड्यातून ५० तुकडे निघाले. १० तुकडे ७ मापाचे, २५ तुकडे ६ चे, १५ तुकडे ५ चे. बेरीज ७० अधिक १५० अधिक ७५, म्हणजे २९५; सरासरी ५.९. तिला ३८.२६ ने गुणलं की २२५.७. ते १९३१.८५ मधून गेले की उरले १७०६. म्हणजे १७०६ सालच्या आगेमागे काही वर्षं हा कचरा साठत होता.

सूत्र देखणं आहे, आणि तोच धोका. ते ढिगाला लागू पडतं, एकट्या तुकड्याला नाही. एकाच कारागिराच्या एकाच दिवशीच्या मालात दोन-तीन मापं सहज सापडतात. शिवाय ते १६८० ते १७६० या पट्ट्यातच बरं चालतं. त्याआधी आणि त्यानंतर त्याची गाडी घसरते, कारण एका मर्यादेनंतर भोक बारीक व्हायचं थांबलं, सूत्राला मात्र ते माहीत नाही. त्याच्या हिशेबाने १९३१ च्या अखेरीस पाइपांना भोकच उरायला नको. प्रत्यक्षात ग्लासगोच्या मॅकडूगल कंपनीने १९६७ पर्यंत मातीचे पाइप बनवले आणि लोकांनी ते व्यवस्थित ओढलेही. हॉलंडमधल्या पाइपांनाही इंग्रजी मालावर बेतलेलं हे गणित तसंच्या तसं लावत नाहीत.

हे सगळं एकत्र कसं जुळतं, ते माझ्या टेबलावरच्या एका तुकड्यावर दाखवतो. वाटी आणि तिला चिकटून दोन बोटं नळी. वाटी पुढे कललेली, पण पोट फारसं सुटलेलं नाही. भिंती बऱ्याच सरळ. पहिला अंदाज, सतराव्या शतकाचा शेवट. कड अजून किंचित तिरकी, नळीला समांतर नाही, म्हणजे १७०० च्या फार पुढे जायला नको. भिंगाखाली कडेशी मागच्या बाजूला दातेरी रेघेचा पाव भाग, पुढे काहीच नाही. ही रीत संपत आलेल्या काळातली हयगय. टाच अरुंद, तळव्यावर ठसा नाही, बाजूंना अक्षरंही नाहीत. वाटीवरची शिवण खरवडली आहे, नळीवर ती तशीच बोटाला लागते, तेव्हा माल मध्यम प्रतीचा. भोकात ६/६४ चं पातं बसतं. ते एकटं पुरावा म्हणून लंगडं, पण बाकीच्यांशी भांडत नाही. वाटीच्या आतली काळी काजळी सांगते की पाइप वापरलेला आहे, भट्टीवरून थेट फेकलेला नाही. मी चिठ्ठीवर लिहिलं: लंडन, १६८० ते १७१०. ‘१६९५’ असं एकच साल लिहायचा मोह होतो, लिहू नये. तीस वर्षांचा पट्टा हे या कामात उत्तम उत्तर आहे.

एकोणिसाव्या शतकातले पाइप ओळखायला तुलनेने सोपे, कारण त्यांच्यावर मजकूरच असतो. वाटीच्या शिवणीवर पानांची नक्षी, हार्प, घोड्याचा खूर, फुटबॉल, राजकारण्यांचे चेहरे. फ्रान्सच्या गाँबिए कंपनीचं दाढीवाल्या जेकबचं डोकं तर घरोघरी पोचलं होतं, आणि त्याच्या नकलाही. नळीवर ‘इंग्लंड’, ‘स्कॉटलंड’ असं देशाचं नाव दिसलं तर पाइप बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. डिझाइनचा नोंदणी क्रमांक असेल तर १८८४ नंतरचा. सापळे इथेही आहेत. ‘डब्लिन’ लिहिलेला पाइप डब्लिनचा असेलच असं नाही. ग्लासगोचे कारखाने आयरिश गिऱ्हाइकासाठी असे शब्द बेधडक छापत. ‘टी-डी’ ही अक्षरं मुळात अठराव्या शतकातल्या लंडनच्या एका कारागिराची मानतात, पण अमेरिकेत ती इतकी खपली की पुढे शंभर-दीडशे वर्षं कोणीही तीच छापत राहिलं. मग ब्रायर लाकडाचे पाइप आले, यंत्रावरच्या सिगारेटी आल्या आणि मातीचा धंदा बसला. ब्रोझलीतला कारखाना १९५७ च्या सुमारास जसा सोडून गेले, तसाच आता संग्रहालय म्हणून पाहायला मिळतो. साचे, फळ्या, भट्टी सगळं जागेवर.

विकणारे गोष्टी फार रंगवतात. छोटा पाइप दिसला की ‘१६६५ च्या प्लेगमधला’ हे ठरलेलं. प्लेगला तंबाखू चालते अशी समजूत तेव्हा होती हे खरं. दारांवर लाल फुल्या पाहून रोजनिशीकार सॅम्युएल पेप्सनेही ७ जून १६६५ ला हुंगायला आणि चघळायला तंबाखू विकत घेतली होती. पण त्या एका उन्हाळ्यातला पाइप आधीच्या किंवा नंतरच्या वर्षातल्या पाइपापासून वेगळा काढता येत नाही. दुसरी लोणकढी, की खानावळीत पुढचं गिऱ्हाईक आलं की नळीचं उष्टं टोक मोडून पाइप त्याच्या हातात देत. याला धड पुरावा नाही. ओढलेले पाइप लोखंडी जाळीच्या घोडीत रचून भट्टीत तापवत आणि पुन्हा पांढरे करत, त्या घोड्या मात्र संग्रहालयांत आजही आहेत.

लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कोणाला हा नाद लागणार असेल, तर आधी कायदा. टेम्सच्या पात्रात काहीही शोधायला, नुसतं वरवर वेचायलासुद्धा, पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो, आणि त्यासाठीची रांग मोठी आहे. ३०० वर्षांहून जुनी वस्तू मिळाली तर लंडन म्युझियममधल्या फाइंड्स लिएझॉन ऑफिसरला (सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला) दाखवावी लागते. परवान्याविना खिशात घातलेला तुकडा कितीही क्षुल्लक असला तरी गुन्ह्यात मोडू शकतो. हातमोजे घाला आणि मातीचा पोत तपासायला तुकडा जिभेला लावायची जुनी युक्ती विसरा. पात्रात सांडपाणी येतं, उंदीर आहेत. लेप्टो म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको.

घरी आणल्यावर साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा. ब्लीच नको, ॲसिड तर नकोच. वाटीतली काजळी काढू नका, तीही पुरावा आहे. नदीच्या कुठल्या अंगाला, कुठल्या पायऱ्यांखाली, कुठल्या तारखेला मिळाला, ते त्याच दिवशी लिहून तुकड्यासोबत पिशवीत ठेवा. विकत घेत असाल तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा. ‘जुन्या संग्रहातला’ हे उत्तर म्हणजे ‘माहीत नाही’ असंच मी समजतो. पूर्ण, लांबलचक, डागही नसलेला ‘सतराव्या शतकातला’ पाइप पुढे केला तर हात आखडता घ्या. जुन्या साच्यांतून आणि नव्या साच्यांतून प्रतिकृती आजही बनतात, आणि चहाच्या पाण्याने म्हातारपण आणणं काही अवघड नाही.

सुट्टीत भारतात येताना ‘दोन तुकडे आईबाबांना दाखवू’ असं वाटलं, तर थांबा. ब्रिटनच्या जमिनीत किंवा पाण्यात सापडलेली ५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो, मग ती पाच पौंडांची का असेना. अर्ज आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडे करायचा. फोटो दाखवून भागत असेल तर तेवढंच करा. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा आणि वाटी बाजूने, वरून व टाचेकडून अशी तिन्ही अंगांनी घ्या.